गाडी हलकी करताना

साठीच्या आसपास गाडी बदलताना आधी ‘कर्ब वेट’ बघा, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट भरणारे वजन. ‘ड्राय वेट’चा आकडा दिसायला गोंडस, पण रिकाम्या टाकीने कोणी लेहला जात नाही. रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० भरते २४१ किलो, मिटिऑर ३५० भरते १९१. हे ५० किलो हायवेला ताशी ८० च्या वेगात फारसे जाणवत नाहीत. जाणवतात ते उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना, खडीवर यू-टर्न घेताना.

नुसते वजनही फसवते. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोंची, पण सीट ८३५ मिमी उंच; मिटिऑर ३५० ची ७६५. गुडघे कुरकुरत असतील तर माझे मत मिटिऑरला, वजन जास्त असूनही.

पडलेली गाडी उचलायची तर आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर गिअर टाका, साइड स्टँड बाहेर काढा. मग गाडीकडे पाठ करून खाली बसा. एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि छोटी पावले टाकत मागे रेटा. जोर मांड्यांचा, कमरेचा नव्हे. सामान मात्र आधी उतरवा, लाज कसली!

लायसन्सचे: पंचावन्नीनंतर नूतनीकरण ५ वर्षांसाठीच होते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागते. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी.