पुढच्या चाकाचे तेल

भिलाई हे नगर पोलादाने वसविले. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पाळीची वेळ झाली, की नगरातील सेक्टरांमधून दुचाक्यांचा ओघ कारखान्याकडे वाहू लागतो. इंजिनाचे तेल बदलण्याविषयी यातील बहुतेक स्वार दक्ष असतात. परंतु पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांतही तेल असते, याची आठवण पुष्कळांना ते गळू लागेपर्यंत होत नाही.

या नळ्यांच्या जोडीस फोर्क म्हणतात. मिस्त्रीच्या बोलीत तो 'शॉकअप' होय. त्यातील स्प्रिंग गाडीचा भार पेलते. पण दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, आणि उसळतच राहते. तिला आवरण्यासाठी तेल असते. नळी वरखाली होताना तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते आणि त्या अडथळ्यात उसळीचा जोर उष्णतेच्या रूपाने जिरतो. तेल म्हणजे वंगण, अशी आपली समजूत असते. येथे मात्र गती सुलभ करण्यापेक्षा तिला लगाम घालणे, हे तेलाचे मुख्य कार्य आहे. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्याने १९३५ साली अशा तेलभरल्या फोर्काच्या मोटारसायकली बाजारात आणल्या, आणि पुढे ही रचना जगभर रूढ झाली.

तेल फार पातळ असेल, तर खड्डा ओलांडल्यावरही गाडीचे तोंड डोलत राहते आणि ब्रेक दाबताच ते झटकन खाली जाते. तेल फार दाट असेल, तर हादरे थेट मनगटांत येतात आणि लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्काला पुन्हा उघडावयास अवसर मिळत नाही. दोन्ही प्रकारी चाकाची रस्त्यावरील पकड सुटते. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी चाक रस्त्याला धरून असेल तोवरच तो उपयोगी पडतो.

मग योग्य तेल कसे ओळखावे? डब्यावर '१० डब्ल्यू' किंवा '२० डब्ल्यू' असे आकडे असतात. परंतु फोर्काच्या तेलाच्या बाबतीत ते काटेकोर माप नव्हे; दोन कंपन्यांची '१० डब्ल्यू' तेले दाटपणात बरीच भिन्न असू शकतात. विश्वसनीय माप म्हणजे ४० अंश सेल्सिअसला मोजलेला, सेंटिस्टोकमधील दाटपणा. कारखान्यातील यंत्रांची तेले याच मापाने निवडली जातात. १९७५ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरल्या. '३२' श्रेणीचे तेल म्हणजे ४० अंशांना सुमारे ३२ सेंटिस्टोक दाटपणाचे तेल. जो कामगार पाळीवर हा आकडा पाहून यंत्रात तेल भरतो, त्याने आपल्या गाडीसाठीही तोच विचारावा.

दाटपणा उष्णतेने घटतो. भिलाईतील पौषातल्या पहाटेस जे तेल दाट असते, तेच वैशाखातल्या दुपारी कित्येक पटींनी पातळ होते. ज्या तेलात हा फरक कमी पडतो, त्याचा 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' अधिक असतो. दोन तेले अन्यथा सारखी असल्यास असे तेल पत्करावे.

तेलाचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे. तेलावर हवेची पोकळी असते. तेल जास्त भरले, तर ती पोकळी आखडते, फोर्क अखेरीस ताठर होतो आणि सीलवर दाब वाढतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले मिलिलिटर मापूनच तेल ओतावे. नुसते तेल बदलताना जुने थोडे आत राहतेच. त्यामुळे फोर्क पूर्ण उघडल्यावर लागणारे माप आणि हे माप वेगळे असते.

इंजिनाचे उरलेले तेल फोर्कात ओतण्याचा मोह टाळावा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांत इंजिनाचेच तेल सांगितले होते हे खरे; पण तो नियम त्या गाड्यांपुरता. ब्रेकचे द्रव तर कधीही घालू नये; त्याने रबरी सील बिघडतात. नळीवरील धूळ मऊ फडक्याने पुसत राहावे, कारण सीलचा पहिला शत्रू तीच असते. गळलेले तेल ब्रेकवर पोहोचले, तर थांबण्याचाच भरवसा उरत नाही.

आणि गाडी उभी असतानाच पुढून खचलेली दिसली, तर दाट तेल हा त्यावर उपाय नव्हे. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आहे. अशा वेळी तीच तपासून घ्यावी.