पाण्याच्या नोंदी कुठे साठवाव्यात?

२०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूतल्या कितीतरी बोअरवेल आटल्या, तेव्हा बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत रोज एकच विषय असे: संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पाणी किती उरलंय आणि टँकर कधी मागवायचा? प्रत्येकाचा अंदाज वेगळा, कारण नोंद कुणाकडेच नव्हती. म्हणून मी एक डेटा लॉगर बनवला. एक मायक्रोकंट्रोलर, पाण्याची पातळी मोजणारे दोन सेन्सर, एक घड्याळ आणि नोंदी ठेवायला मेमरी. या मेमरीचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात. तो आधी करावा, असं माझं ठाम मत आहे. सेन्सर बिघडला तर पुढच्या नोंदी चुकतात. मेमरी बिघडली तर मागचंही सगळं जातं.

आधी हिशेब मांडू. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी. एका नोंदीत वेळेसाठी ४ बाइट, अनुक्रमांकासाठी ४, संप आणि गच्चीवरची टाकी यांच्या पातळ्यांसाठी दोन-दोन, बॅटरीच्या व्होल्टेजसाठी २ आणि नोंद शाबूत आहे का ते तपासणाऱ्या बेरजेसाठी २, एकूण १६. दिवसाचे झाले २,३०४ बाइट.

आता पर्याय पाहू. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये १ किलोबाइट ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी नोंदी टिकवणारी मेमरी, असते. ती ११ तासांच्या आतच भरते. डीएस३२३१ घड्याळाच्या मोड्यूलवर बहुधा ४ किलोबाइटची वेगळी ईईप्रॉम लावलेली येते. ती दोन दिवसही पुरत नाही. २४सी२५६ ही ३२ किलोबाइटची चिप १४ दिवस चालते. डब्ल्यू२५क्यू६४ या ८ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपला मात्र भरायला सुमारे १० वर्षं लागतात.

फ्लॅशचा शोध तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांचा. १९८४ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. फ्लॅशचं वागणं पाटीसारखं आहे, पण एकच अक्षर पुसता येत नाही. कोऱ्या जागी हवं तिथे लिहा, पुसायचं झालं तर किमान ४ किलोबाइटचा अख्खा भाग पुसावा लागतो. असा प्रत्येक भाग किमान १ लाख वेळा पुसता येतो. आपल्या वेगाने त्याची पाळी दहा वर्षांतून एकदा येणार, म्हणून झिजेची काळजी नको.

झीज होते ती भलत्याच ठिकाणी. पुढची नोंद कुठे लिहायची, तो पत्ता अनेक जण मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉममध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहितात. त्या जागेची हमी १ लाख लेखनांची. दिवसाला १४४ वेळा लिहिलं तर दोन वर्षांच्या आतच ती संपते. उपाय सोपा आहे: पत्ता लिहूच नका. यंत्र सुरू होताना सगळ्यात मोठा अनुक्रमांक शोधा, त्याची पुढची जागा मोकळी. किंवा पत्त्यापुरती एफरॅम या वेगळ्या प्रकारच्या, वीज गेली तरी नोंदी टिकवणाऱ्या मेमरीची एक छोटी चिप लावा. एमबी८५आरसी२५६व्ही ही चिप १ लाख कोटी वेळा वाचण्या-लिहिण्याची हमी देते. ईईप्रॉमला प्रत्येक लेखनानंतर ५ मिलिसेकंदांपर्यंत थांबावं लागतं, हिला थांबावं लागत नाही. एफरॅम महाग असते, म्हणून सगळ्या नोंदी तिच्यात ठेवणं परवडत नाही.

एसडी कार्डाचं आकर्षण मोठं. जागा अफाट, आणि फाइल थेट एक्सेलमध्ये उघडते. पण लिहिताना ते १०० मिलीअँपिअरपर्यंत वीज ओढू शकतं. लहान बॅटरीला हे झेपत नाही. शिवाय लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइलींची यादीच बिघडू शकते, आणि पावसाळ्यात लाइट जाणं आपल्याला नवीन नाही. म्हणून माझ्या यंत्रात रोजच्या नोंदी फ्लॅशमध्ये जातात. कार्ड फक्त प्रत काढण्यापुरतं घालतो.

बनशंकरीहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने चिक्कपेटेला उतरलं की एस. पी. रोडच्या दुकानांत हे सगळं मिळतं. निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा: दिवसाला किती बाइट साठतील, एकाच जागी किती वेळा लिहिलं जाईल, आणि लिहिताना वीज गेली तर काय होईल. फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची असते, तिला उनोचे ५ व्होल्ट थेट देऊ नका. एवढं पाळलंत तर पुढच्या टंचाईत तुमच्या सोसायटीच्या बैठकीत अंदाजांऐवजी आकडे बोलतील.