दहा ड्रायव्हर, दोन कान

दिवाळी सेलच्या पानभर जाहिराती एव्हाना तुमच्याही घरी रद्दीत गेल्या असतील. जाण्यापूर्वी त्यांतला इअरफोनचा कोपरा नजरेखालून गेला असेल, तर कॅमेऱ्यांच्या मेगापिक्सेलचं जे झालं तेच आता ड्रायव्हरच्या, म्हणजे इअरफोनमधल्या आवाज काढणाऱ्या सुट्या भागांच्या, आकड्यांचं होतंय, हे लक्षात आलं असेल. ‘हायब्रिड’, ‘एक अधिक चार’, ‘दोन अधिक आठ’. हजार-दीड हजाराच्या वायरवाल्या इअरफोनच्या खोक्यावरही हे आकडे ठळक, आणि पन्नास हजारांच्याही. ब्लूटूथवाल्यांनीही तीच वाट धरली आहे. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी बड्स ३ प्रोमध्ये डायनॅमिक ड्रायव्हरच्या जोडीला वरच्या आवाजांसाठी प्लॅनर ट्विटर बसवला. त्याआधी क्रिएटिव्हच्या ऑरव्हाना एसमध्ये सिलिकॉन चिपसारखा घडवलेला एक्समेम्सचा ड्रायव्हर आला होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हायब्रिडचा, म्हणजे दोन जातींचे ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा, निम्मा आवाज कारखान्यात तयार होतो आणि उरलेला तुमच्या कानाच्या नळीत. ड्रायव्हर वाढवण्याच्या नादात कंपन्या या दुसऱ्या निम्म्याची वाट लावतायत.

दोन जातींचे ड्रायव्हर एका कवचात कशाला कोंबायचे? उत्तर ऐकायचं असेल तर तबल्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रित एकलवादन लावावं. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीत, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली राहतो. तो उभा करायला हवा ढकलावी लागते. आठ-दहा मिलिमीटरचा पडदा, त्यामागे कॉइल आणि चुंबक असा लाउडस्पीकरचाच लहान अवतार असलेला डायनॅमिक ड्रायव्हर हे काम मजेत करतो. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचे वरचे स्वरांश काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. हे स्वरांश शाईमुळे सुरेल पटींत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. तबला सुरात मिळवता येतो तो त्यामुळे. या वरच्या मजल्याची जबाबदारी हायब्रिडमध्ये बॅलन्स्ड आर्मेचरकडे जाते. दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली धातूची पातळ पट्टी, भोवती कॉइल, पट्टीच्या टोकाला केसासारखी सळी आणि सळीला चिकटवलेला चिमुकला पडदा. सगळं काही मिलिमीटरच्या धातूच्या डबीत.

ही डबी संगीतासाठी जन्मली नव्हती. ती टेलिफोनकडून श्रवणयंत्रांकडे आली आणि तिथेच तिचं खरं संगोपन झालं. ह्यू नोल्स यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत काढलेली कंपनी आजही या डब्या बनवण्यात अग्रेसर आहे. पण या गोष्टीतला खरा नायक मला वाटतो तो मीड किलियन. हा माणूस नोल्सकडे दोन दशकं होता. श्रवणयंत्र म्हणजे खरखरीत, नाकात बोलणारा आवाज, अशी तेव्हाची समजूत. किलियनने १९७९ च्या आपल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्रबंधात याच डब्या नीट जुळवून हाय-फाय दर्जाचं श्रवणयंत्र करून दाखवलं, आणि जाणकार श्रोत्यांकडून त्याला गुण देववले. १९८३ मध्ये त्याने इटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. तिने श्रवणचाचणीसाठी कानात आत बसणारे इअरफोन बनवले आणि १९९१ मध्ये ईआर-४ आणला. कानात घालायचा हाय-फाय इअरफोन ही गोष्ट तिथून सुरू होते.

ईआर-४ मध्ये ड्रायव्हर किती? एका कानाला एक. बाकी सगळी करामत फिटमध्ये. तीन थरांची रबरी टोपी, ती कानात इतकी खोल न्यायची की पहिल्यांदा घालणारा घाबरतो. कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब आणि किंचित वळणदार असते; बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतला हाडाचा. किलियनला टोपी त्या हाडाच्या हद्दीपर्यंत हवी होती, आणि तसं का हवं याची कारणं त्याच्याकडे मोजमापासकट होती. बाहेरचा गोंगाट ३५ ते ४२ डेसिबलने कमी होतो, असा कंपनीचा दावा. शिवाय कान बंद केल्यावर आपलाच आवाज डोक्यात घुमतो, पावलं धपधपतात, चिवडा खाताना गाणं बुडतं. हे सगळं कूर्चेच्या भिंतीच्या थरथरीमुळे होतं. टोपी तिच्या पलीकडे गेली की हा त्रास बराच उतरतो. आज दहा ड्रायव्हरची फुशारकी मारणाऱ्या किती कंपन्यांनी यातलं एक तरी वाक्य खोक्यावर छापलं आहे?

उघड्या कानाच्या नळीला स्वतःचा एक ठरलेला अनुनाद असतो. तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती आपोआप वाढवते, आणि जन्मभर ऐकून मेंदू ते गृहीत धरतो. नळीत बूच बसलं की तो अनुनाद मोडतो. म्हणून इअरफोनला तो उठाव स्वतःहून परत द्यावा लागतो. किलियनने हा हिशेब धरला. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर चाचण्या घेऊन लोकांना आवडणाऱ्या आवाजाचा आलेखच काढला. त्यात हा उठाव आहेच, शिवाय खाली भरघोस बेसही. आज बाजारातले बहुतेक हायब्रिड या आलेखाच्या आगेमागे जुळवलेले असतात.

मधला इतिहास थोडक्यात. १९९५ मध्ये व्हॅन हेलन बँडचा ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे याने ड्रमवादक अलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाचा साचा घेऊन इअरफोन बनवला. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी आणि रंगमंचावर कलाकारांच्या कानात बसणाऱ्या मॉनिटरचा तिचा धंदा उभा राहिला. २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या एकेजीने एक डायनॅमिक आणि दोन आर्मेचर असलेला के३००३ काढला, हजार डॉलरच्या वर. २०१३ मध्ये सोनीची हायब्रिड मालिका आली. मग चिनी कारखान्यांनी तीच कल्पना रस्त्यावरच्या भावात आणली. हे त्यांचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. चांगला आवाज श्रीमंतांची मिरास राहिला नाही, तो त्यांच्यामुळेच.

आता मुख्य भानगडीकडे. हायब्रिडमध्ये डायनॅमिककडे तळाचे आवाज, आर्मेचरकडे वरचे. आणि नेमकी हीच दोन टोकं फिटच्या हातात असतात. कारखान्याचा शब्द चालतो तो मधल्या पट्ट्यात.

तळाचं गणित सोपं आहे. कानाच्या नळीत बंदिस्त थोडीशी हवा असते, आणि पडदा तिला दाबतो तेवढा बेस ऐकू येतो. टोपीच्या कडेला बारीकशी फट राहिली तर तो दाब निसटतो, आणि तळचा आवाज दहा-वीस डेसिबलनेही पडू शकतो. वरचे आवाज मात्र जागेवर राहतात, कारण त्या फटीने त्यांचं फारसं बिघडत नाही. परिणाम? डग्गा गायब, चाटी तेवढी कानात टोचते. माणूस म्हणतो, आर्मेचर चिरका आहे. बिचारा आर्मेचर आपलं काम करतोय. तपासायचं असेल तर बेस असलेलं गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलके आत दाबा. बेस एकदम वाढला, तर टोपीचा आकार चुकलाय. दोन कानांना वेगवेगळ्या आकाराच्या टोप्या लागणं अगदी सामान्य आहे, पण डब्यात आलेली मधल्या मापाची जोडी जन्मभर न बदलणारेच जास्त.

वरच्या टोकाचा मामला अधिक चिवट. इअरफोनचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेत एक अनुनाद तयार होतो. हे अंतर २१ मिलिमीटर असेल तर तो आठ हजार हर्ट्झच्या जवळ येतो. इअरफोन चार मिलिमीटर आत सरकवला की दहा हजारांच्या वर जातो. आठ हजाराच्या जवळपासच गायकाचा ‘स’ सळसळतो. म्हणजे एकच इअरफोन, एकाला लताबाईंच्या आवाजातला ‘स’ सुईसारखा आणि दुसऱ्याला रेशमी, आणि दोघेही खरं बोलतायत. परीक्षणांसोबत छापले जाणारे आलेख धातूच्या प्रमाणित कृत्रिम कानावर घेतलेले असतात. त्या कानाची फिट कधी चुकत नाही, तो जांभई देत नाही, बोलत नाही. आपण जबडा हलवला तरी नळीचा आकार बदलतो. म्हणून आठ हजारांपलीकडच्या आलेखावर भांडणाऱ्या हौशी मंडळींकडे मी थोडा करुणेने पाहतो.

आणि आता विरोधाभास. ड्रायव्हर वाढले की कवच फुगतं. प्रत्येक गटाचा आवाज स्वतंत्र नळीतून आणायचा तर तोंडाची नळी जाड होते. जाड नळी खोल जात नाही. ती उथळ बसते, आणि उथळ बसली की वरचा अनुनाद खाली येतो आणि खाली गळती होते. चेंगडूच्या मूनड्रॉपचा ब्लेसिंग २ हा एक अधिक चार ड्रायव्हरचा, वाखाणला गेलेला हायब्रिड. कौतुकाच्या पाठोपाठ त्याच्या जाड नळीची तक्रारही ठरलेली असे. शिवाय डायनॅमिकच्या पडद्यामागची हवा मोकळी व्हावी म्हणून कवचाला छिद्र ठेवावं लागतं. त्या छिद्रातून बाहेरचा गोंगाट आत येतो, स्कूटरवर वाराही शिटी घालतो. पुढच्या बाजूचं छिद्र कमी पडलं तर कानात घालताना पडदा चेपून करकर वाजतो. नुसत्या आर्मेचरच्या बंद इअरफोनला यातलं काहीच सोसावं लागत नाही. हायब्रिड बेस देतो आणि त्याची किंमत शांततेत वसूल करतो. बायकांचे कान सरासरीने लहान असतात, त्यामुळे या फुगलेल्या कवचांचा जाच त्यांनाच अधिक. ‘सर्वांना बसेल असं शिल्प’ असं खोक्यावर लिहिणाऱ्याला घरातल्या चार जणींना ते घालायला लावावं.

‘आर्मेचर वेगवान, डायनॅमिक संथ’ हे पालुपदही ऐकून कंटाळा आला. कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा येतो, यातच त्या ‘वेगा’चा बहुतेक हिशेब असतो. वरचा भाग उठवा, तोच डायनॅमिक ‘चपळ’ भासू लागतो. हायब्रिडला खरोखर अवघड जाते ती दोघांची सरहद्द. जिथे एकाने आवरतं घ्यायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, तिथे दोघांच्या लहरी उलट्या पडल्या तर मधेच खड्डा पडतो. तानपुरा लावून हे सापडतं. जवारीमुळे तारेचे स्वरांश खालपासून वरपर्यंत सलग उमटत राहतात. जुळणी वाईट असेल तर त्या सलगपणात एक शिवण ऐकू येते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इअरफोन तपासायला त्याचं ध्वनिमुद्रण कुठल्याही पाश्चात्त्य चाचणी-यादीपेक्षा सरस, हा माझा पक्षपात समजा.

काही स्वस्त मालात तर सरहद्दीचा प्रश्नच नसतो. काही मॉडेल उघडून हौशी लोकांनी जादा ड्रायव्हरची तार काढून मोजमाप केलं, तेव्हा आलेखात जेमतेम फरक पडला. ड्रायव्हर होता, खोक्यावर छापलाही होता, वाजत मात्र नव्हता.

फिटचा प्रश्न फक्त शौकाचा नाही. आरोग्यसेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये इअरफोन ५० डेसिबलच्या आत आणि दिवसाला दोन तासांच्या आत वापरायचा सल्ला दिला. हेतू उत्तम, पण विरार लोकलमध्ये ५० डेसिबलवर काय ऐकू येणार? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब व्यवहाराला धरून आहे: प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा. टोपी नीट बसली तर गोंगाट बाहेर राहतो आणि आवाज खालीच ठेवता येतो. फट असली की माणूस गायब झालेला बेस शोधत आवाज चढवत नेतो. (रूळ ओलांडताना आणि फलाटावर मात्र इअरफोन काढाच.)

तेव्हा करायचं ते फार खर्चाचं नाही. एका हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, कान-नाक-घशाचे डॉक्टर आत पाहताना ओढतात तसा, आणि दुसऱ्या हाताने इअरफोन फिरवत आत सरकवा. वेगवेगळ्या मापांच्या सिलिकॉन टोप्या आणि फोमची एक जोडी घ्या. फोम वरचे आवाज थोडे मऊ करतो, पण वेड्यावाकड्या कानालाही धरतो. एक बाजू हळू वाजू लागली तर दुरुस्तीला नेण्याआधी जाळीतला मळ पाहा. पावसाळ्यात तासन्‌तास कान बंद ठेवू नका; दमट हवेत बुरशीला एवढं निमित्त पुरतं.

आणि शक्यतो कानात घालून पाहू देणाऱ्या दुकानातून घ्या. सेलच्या अटी बारीक अक्षरांत असतात. कानात घालायची वस्तू म्हणून स्वच्छतेच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी इअरफोन परत घेत नाहीत, बिघाड असला तर बदलून देतात. दहाच्या दहा ड्रायव्हर वाजत असले आणि ते कानात बसतच नसले, तर त्याला बिघाड म्हणत नाहीत.