आजीच्या शालूचा रंग

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून हाताने रंगविलेली एखादी तसबीर हमखास सापडते. फोटो मूळचा काळापांढरा. त्यावर स्टुडिओतला कारागीर शालूला हिरवा, ओठांना गुलाबी आणि नथीला पिवळा ठिपका देई. आमच्या आजीची अशी एक तसबीर आतेबहिणीकडे होती. होती म्हणायचे, कारण २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ताईची खालच्या खोलीतली पेटी दोन दिवस बुडून राहिली, आणि तसबिरीचा लगदा झाला.

“अरे, तू स्कॅन करून ठेवली आहेस ना? मग झालं तर!” ताई म्हणाली. मी घरी येऊन ते चित्र उघडले आणि मन खट्टू झाले. शालू धड हिरवा नाही, धड निळा नाही. आजीचा चेहरा पांढराफटक. नथीचा पिवळा ठिपका तर नाहीसाच झालेला.

दोष माझाच होता. काही वर्षांपूर्वी घाईघाईने स्कॅन करताना ‘उडालेले रंग परत आणा’ या चौकटीत मी खूण करून मोकळा झालो होतो. यंत्राने कागदाचा पिवळेपणा म्हणजे रोग समजून तो धुऊन काढला, आणि त्याबरोबर बाकीचे रंग निळ्याकडे ओढले गेले. पिवळ्यातला किती भाग जुन्या कागदाचा आणि किती कारागिराच्या कुंचल्याचा, हे त्या बिचाऱ्याला कसे कळणार? शिवाय मी ते जेपेग करून ठेवलेले. मूळ काय होते ते आता त्यातून निघत नाही.

तेव्हा ज्यांच्या पेट्या अजून कोरड्या आहेत त्यांना चार शब्द सांगतो. स्कॅन करताना आपोआप सुधारणा करणाऱ्या साऱ्या खुणा काढून टाकाव्या. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करावा. तांबूस झाक, डाग, मागच्या शाईचा फुटलेला रंग हेही त्या फोटोचेच अंग आहे. सोय असेल तर २४ ऐवजी ४८ बिट निवडावे. २४ मध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या मिळतात, ४८ मध्ये ६५,५३६. पुढे उडालेला रंग ताणून वर आणायचा तर या जादा पायऱ्या उपयोगी पडतात. लहान फोटोला ६०० डीपीआय ठेवावे. ही पहिली प्रत टिफमध्ये जपावी आणि तिला हात लावू नये. सुधारणेचे काय प्रयोग करायचे ते दुसऱ्या प्रतीवर करावे.

रंगांच्या मापाचे नाव विचारले जाते तेव्हा पुष्कळजण गोंधळतात. एसआरजीबी हे माप १९९६ मध्ये पुढे आले. साधे पडदे आणि फोटो छापणारी दुकाने तेच धरून चालतात. अडोबी आरजीबीत हिरव्यांचा पल्ला मोठा आहे खरा, पण माप न ओळखणाऱ्या ठिकाणी ते चित्र मलूल दिसते. घरच्या कामाला पहिलेच बरे.

छापताना एकच पथ्य पाळावे: रंगांचा कारभार चित्राच्या प्रोग्रॅमकडे द्यावा किंवा प्रिंटरकडे, दोघांकडे कधीही नाही. दोन स्वयंपाकिणींनी एकाच आमटीत मीठ घातल्यासारखे होते, आणि चेहरे बहुधा लालभडक निघतात. कागदाची जातही खरी तीच सांगावी, कारण शाई किती सोडायची हे यंत्र त्यावरून ठरविते. छाप काळपट येत असेल तर बहुतेक वेळा पडद्याचा उजेडच फार असतो. तो कमी करावा आणि छाप खिडकीजवळ दिवसा पाहावा.

पडद्यावरचा प्रत्येक रंग कागदावर उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हे दुखणे जुनेच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा रंगारंगासाठी निराळा दगड लागे, आणि कॅनव्हासवरची छटा दगडावर कशी बसवायची हे कारागिराच्या नजरेवर असे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. घरातली त्यांची छापील तसबीर आठवून ती एकदा पाहावी.

असो. आजीच्या शालूचा हिरवा नेमका कोणता, यावर ताईचे आणि माझे एकमत होईना. तेवढ्यात कळले की त्या शालूचा पदर इंदूरच्या मावसबहिणीकडे आहे. तिने तो टपालाने पाठविला. ताईने घडी उलगडली आणि आम्ही दोघे बघतच राहिलो. पदर गर्द वांगी रंगाचा! हिरवा शालू त्या कारागिराने मनानेच रंगविला होता.

“आता कसा छापू?” मी विचारले.

ताई बराच वेळ पदरावरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, “हिरवाच छाप. आमची आजी हिरव्या शालूतली.”