मेंदूतलं ऐकणं टिपताना

एखादा स्वर कानावर पडला की साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, कानशिलांच्या आतल्या श्रवणकेंद्रांत विद्युत हालचालीची एक ठळक लाट उठते. डोक्यात काहीही न खुपसता ती टिपता येते. मात्र तिच्यासाठी प्रयोगशाळा उभारताना खरा कस लागतो तो बाहेरचा गोंगाट अडवण्यात.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला. त्यात डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून विद्युत दाब मोजतात. याच विजेमुळे अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रही तयार होतं आणि ते मोजणारं तंत्र म्हणजे एमईजी. १९६८ साली डेव्हिड कोहेन यांनी तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने ते प्रथम पकडलं. पुढे १९७२ साली त्यांनी त्यासाठी ‘स्क्विड’ हा अतिसंवाहक संवेदक वापरला. असे सुमारे ३०० संवेदक आज एका शिरस्त्राणात बसवतात आणि द्रवरूप हीलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात.

मेंदूचं हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कित्येक कोटी पटींनी क्षीण असतं. शेजारची लिफ्ट हलली, रस्त्यावरून ट्रक गेला, तरी ते झाकोळून जातं. म्हणून निकेल आणि लोखंडाच्या ‘म्यू-मेटल’ या मिश्रधातूच्या थरांनी मढवलेली बंद खोली बांधतात. आत जाणाऱ्याने घड्याळ, पिना, हुक असलेले कपडे बाहेर ठेवायचे. डोळ्यांच्या काही प्रसाधनांत लोहकण असतात, म्हणून तीही पुसायची.

मग अशा खोलीत आवाज न्यायचा कसा? नेहमीच्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, तो इथे चालत नाही. ध्वनी दूरवर निर्माण करून प्लॅस्टिकच्या नळीने कानापर्यंत आणतात. एक मीटर नळी पार करायला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाटेत उंच स्वर दबतात. म्हणून नळीचं टोक कानाच्या पोकळीएवढ्या कप्लरला जोडतात, त्यात मायक्रोफोन बसवतात आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक पाहतात. वरची संगणकाच्या इशाऱ्याची, खालची प्रत्यक्ष पोहोचलेल्या आवाजाची. त्यांच्यातलं अंतर मोजून प्रत्येक नोंदीतून वजा करावं लागतं.

एमआरआयमध्ये अडचण वेगळी. ते यंत्र स्वतःच १०० डेसिबलच्या आसपास खडखडतं. पण ते टिपतं तो मेंदूतला रक्तपुरवठा आवाजानंतर चार ते सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. या उशिराचाच उपयोग करून घेतात: यंत्र थांबवून शांततेत आवाज ऐकवायचा आणि मग चित्र घ्यायचं.

आवाज मोजूनमापून देण्याची हीच शिस्त आपल्याकडच्या ‘बेरा’ या श्रवणचाचणीलाही लागते. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात हजार-दोन हजार ‘टक्-टक्’ आवाज सोडतात आणि एका मायक्रोव्होल्टहूनही लहान प्रतिसादांची सरासरी काढतात. पहिल्या दहा मिलिसेकंदांतल्या लाटांवरून बाळाला ऐकू येतं की नाही, याचा अंदाज बांधतात. इथे आवाजाची पातळी चुकीची असेल, तर ऐकू येणाऱ्या बाळाबद्दल शंका निघते किंवा न ऐकू येणारं बाळ नजरेतून निसटतं आणि भाषा शिकण्याचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून यंत्रखरेदीचा प्रस्ताव करतानाच शांत खोली, नियमित कॅलिब्रेशन आणि ते करणारा प्रशिक्षित माणूस यांची तरतूद व्हायलाच हवी. ती नसेल, तर महागडं यंत्रही बाळाच्या आईवडिलांना खात्रीचं उत्तर देऊ शकत नाही.