एक उडी, जिवावरची

मेक्सिकोचा राष्ट्रीय खेळ कोणता? ‘फुटबॉल!’ असं उत्तर तोंडात आलं असेल, तर थांबा. तो मान आहे ‘चार्रेरिया’चा. चार्रो म्हणजे मेक्सिकोचा घोडेस्वार. डोक्यावर मोठ्ठी सोम्ब्रेरो टोपी आणि हातात दोर, हा त्याचा थाट.

पूर्वी मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटींवर गुरं-घोडी आवरणं हे या स्वारांचं रोजचं काम होतं. 1910 ला सुरू झालेल्या क्रांतीनंतर या इस्टेटी हळूहळू मोडल्या. काम गेलं, पण कसब उरलं. मग शहरांत चार्रोंच्या संघटना उभ्या राहिल्या आणि कामाचा खेळ झाला. 2016 मध्ये युनेस्कोनेही त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पुरुषांच्या स्पर्धेत नऊ प्रकार असतात. शेवटचा सगळ्यात डेंजर, ‘पासो दे ला मुएर्ते’, म्हणजे मृत्यूचं पाऊल. स्वार खोगीर नसलेल्या आपल्या घोड्यावरून भरधाव निघतो आणि शेजारी पळणाऱ्या बुजऱ्या, न माणसाळलेल्या घोडीवर झेप घेतो. तिला लगाम नसतो, धरायला फक्त आयाळ. मागून तीन स्वार तिला पळवत असतात. अंदाज चुकला, तर थेट टापांखाली!

मुलींचा प्रकार ‘एस्कारामूसा’. आठ जणींची टीम, घेरदार झगे आणि दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला. अशा बसून त्या भरधाव घोडे एकमेकींच्या अगदी जवळून क्रॉस करतात. बघणाऱ्याला नाच वाटतो, पण एकीचं टायमिंग हुकलं की टक्कर ठरलेली.

इथपर्यंतचा धोका स्वतःहून पत्करलेला. पण ‘मांगाना’ या प्रकारात पळत्या घोडीच्या पुढच्या पायांत फास टाकून तिला पाडतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये घोडे असे पाडण्यावर बंदी घातली. तिथल्या चार्रोंनी खेळ सोडला नाही. ते फास टाकतात, पण ओढत नाहीत, दोर सोडून देतात. कसब तेच आणि घोडीही उभी!

बैलगाडा शर्यतीवरून ‘परंपरा की प्राणी’ हा वाद आपणही भरपूर घातलाय. कॅलिफोर्नियातले चार्रो बघितले, की वाटतं, दोन्ही सांभाळता येतं. उडी मारायची की नाही, हे स्वार ठरवतो. घोडीला कुणी विचारत नाही, मग तिची काळजी खेळाच्या नियमांनीच घ्यायला नको का?