अंगठ्यातील स्फटिक आणि पेशीतील भोंगा

खडीसाखर कशी करतात हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, निदान शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात तरी. तापलेल्या पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवायची, त्या पाकात एक दोरा सोडायचा आणि भांडे न हलवता थंड होऊ द्यायचे. काही दिवसांत दोऱ्यावर खडे जमतात. गरम पाण्यात जितकी साखर राहू शकते तितकी थंड पाण्यात राहू शकत नाही. जादा साखर स्फटिकरूपाने बाहेर पडते आणि दोऱ्याचा आधार मिळाला की तिचे काम सोपे होते.

लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५४ साली साधारण हाच प्रयोग रक्तावर करून दाखवला. गाऊट नावाच्या सांधेदुखीच्या रोग्याचे थोडे रक्त घेऊन त्यातला पिवळसर द्रव त्यांनी काचेच्या बशीत वेगळा केला, त्यात ॲसेटिक आम्लाचे काही थेंब घातले आणि कापडाचे एकदोन धागे टाकून बशी बाजूला ठेवली. एकदोन दिवसांनी धाग्यांना बारीक स्फटिक चिकटले होते. ते युरिक आम्लाचे होते. निरोगी माणसाच्या रक्तातून असे स्फटिक मिळत नाहीत.

गाऊटचा झटका बहुधा रात्री येतो आणि पुष्कळदा पहिला मान पायाच्या अंगठ्याचा असतो. सांधा लाल होतो, सुजतो, तापतो आणि असा ठणकतो की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. तापही येऊ शकतो. पाहणाऱ्याला वाटावे की आत पू झाला आहे. पण सुईने सांध्यातले पाणी काढून तपासले तर त्यात एकही जंतू सापडत नाही.

जंतू नाहीत, मग ही आग कशासाठी? या लेखाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळायला २००६ साल उजाडावे लागले.

आधी युरिक आम्लाविषयी. आपल्या पेशींत आणि अन्नात जी केंद्रकाम्ले असतात त्यांच्या मोडतोडीतून ते तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे त्याचे आणखी विघटन करणारे एक विकर असते. माणसाच्या पूर्वजांनी हे विकर उत्क्रांतीच्या वाटेवर कधीतरी गमावले. त्यामुळे आपल्या रक्तातील युरिक आम्ल जवळजवळ काठोकाठ असते. रक्तात ते सोडियम युरेट या क्षाराच्या रूपात वावरते. ३७ अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर द्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरेट विरघळलेले राहू शकते. ३५ अंशांना हीच मर्यादा ६ वर येते आणि ३० अंशांना ४.५ वर. हे आकडे एकदा आलेख-कागदावर मांडून पाहा. हृदयाजवळ आपले तापमान ३७ अंश असते, पण हृदयापासून सर्वांत दूर असलेला पायाचा अंगठा बराच थंड असतो. म्हणजे जे रक्त छातीत नुसते संपृक्त असते ते अंगठ्यात पोचेपर्यंत अतिसंपृक्त झालेले असते. अंगठ्यावर चालण्याचा भार पडतो, ठेचा लागतात, ही कारणेही आहेतच. पण मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, मला तापमानाचे कारण अधिक भावते.

हे स्फटिक सुईसारखे टोकदार असतात. १९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ते सांध्यातल्या पाण्यात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले की पलीकडे अंधार दिसतो. मध्ये युरेटचा स्फटिक आला की त्याच्या दुहेरी अपवर्तनामुळे त्या अंधारात सुया झळकू लागतात. रोगनिदानाची ही रीत आजही वापरली जाते. मात्र स्फटिक सापडले म्हणून रोग त्यांनीच केला असे सिद्ध होत नाही. म्हणून मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्या गुडघ्यात टोचून घेतले. १९६२ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. गुडघे काही तासांत सुजले आणि दोघांना चांगल्याच वेदना झाल्या. पुरावा बिनतोड होता, तरी असा प्रयोग कोणी करू नये असेच मी म्हणेन.

आता शरीराच्या पहाऱ्याकडे वळू. प्रतिकारशक्ती म्हटले की लस आणि प्रतिद्रव्ये आठवतात. तो पहारा शिकलेला असतो. एकदा भेटलेला जंतू तो लक्षात ठेवतो, पण त्याला तयार व्हायला दिवस लागतात. त्याच्या खाली एक जुना, उपजत पहारा आहे. तो काही तासांत, कधी काही मिनिटांत कामाला लागतो. या पहाऱ्याची पहिली ओळख इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाला १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी झाली. ताराम्याच्या पारदर्शक अळीच्या अंगात त्याने गुलाबाचा काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हिंडत्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केलेली. या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे या पेशी जंतू गिळतात यावरच सर्वांचे लक्ष गेले. पण त्या पहिल्या प्रयोगात पेशी धावल्या होत्या त्या एका काट्याकडे, हे ध्यानात ठेवा. गाऊटमधली सुई तिचीच बहीण आहे.

भक्षक पेशीला ‘काहीतरी बिघडले आहे’ हे कळते कसे? स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात युर्ग चॉप नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे होते. दाहाचा निरोप नेणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन पेशीत आधी लांबट, निकामी स्वरूपात तयार होऊन पडते. कॅस्पेस-१ नावाच्या विकराने ते योग्य जागी कापले की मगच ते कामाचे होते. बंदुकीचा चाप बंद ठेवावा तशीच ही सोय आहे. पण विकराला कापायला कोण सांगते? २००२ साली चॉप, त्यांचा विद्यार्थी मार्टिनॉन आणि सहकारी बर्न्स यांनी दाखवले की संकटाच्या वेळी पेशीत अनेक प्रथिने एकत्र येऊन एक मोठी जुळणी होते आणि तिच्यावर कॅस्पेस-१ जागे होते. या जुळणीला त्यांनी इन्फ्लमासोम असे नाव दिले. आपण त्याला पेशीतला भोंगा म्हणू. गिरणीचा भोंगा जसा साऱ्या वस्तीला ऐकू जातो तसा या भोंग्याचा निरोप रक्तवाहिन्यांपासून मेंदूतल्या तापमान-केंद्रापर्यंत पोचतो. वाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि उष्णता, त्या पाझरतात म्हणून सूज, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजारोंनी सांध्यात शिरतात.

भोंगे अनेक प्रकारचे निघाले. त्यांतला एनएलआरपी-३ हा प्रकार युरेटच्या स्फटिकांनी वाजतो, हे याच प्रयोगशाळेने २००६ साली सिद्ध केले. या भोंग्याचे भाग ज्यांच्यात जन्मतःच नाहीत अशा उंदरांच्या भक्षक पेशींना स्फटिक दिले, तर कामाचे इंटरल्यूकिन जवळजवळ तयारच होत नव्हते.

स्फटिक भोंगा कसा वाजवतो ते मात्र मोठे मजेदार आहे. पेशी सुई गिळते, पण ती पचत नाही. पेशीत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असते, आणि पेशी ते पंपाने ऊर्जा खर्चून टिकवते. पटलाला इजा झाली की हे पोटॅशियम बाहेर गळू लागते, आणि आतली पातळी घसरली की एनएलआरपी-३ची जुळणी होते. म्हणजे भोंग्याला स्फटिकाचा आकार वा रसायन ‘ओळखावे’ लागत नाही. टाकी गळते आहे एवढे कळले की पुरे. म्हणूनच अगदी वेगवेगळ्या वस्तूंनी तो वाजतो.

आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात कोल्चिसीन असते. गाऊटवर शतकानुशतके दिले जाणारे औषध हेच, पण ते युरोपात कोल्चिकम नावाच्या कंदातून मिळत असे. पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांची बांधणी ते रोखते, त्यामुळे सुई गिळणे आणि पुढचे सारे अडखळते. कळलावी अत्यंत विषारी आहे, तिच्या कंदाने मृत्यू ओढवतात. तेव्हा फुले दुरूनच पाहावीत. झटका ओसरल्यावर अलोप्युरिनॉलसारखी औषधे युरिक आम्लाची निर्मितीच कमी करतात. पातळी ६ च्या खाली ठेवली की सांध्यातले स्फटिक महिनोन्महिने हळूहळू विरघळत जातात, कारण द्रावण आता असंपृक्त असते. खडीसाखर उलटी फिरवावी तसेच.

सर्वच स्फटिक इतके दयाळू नसतात. २००८ साली चॉप यांच्याच गटाने दाखवले की वाळूतल्या सिलिकाची धूळ आणि ॲस्बेस्टॉसचे तंतूही हाच भोंगा वाजवतात. काही मायक्रॉनचे सिलिकाचे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथली भक्षक पेशी कण गिळते, भोंगा वाजवते आणि मरते. कण सुटतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. युरेट विरघळते, सिलिका जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे हे चक्र थांबत नाही आणि फुप्फुसात व्रणांच्या गाठी वाढत जातात. हा सिलिकोसिस. पाटीवर लिहायच्या दगडी पेन्सिली पुष्कळशा मध्य प्रदेशातील मंदसौर भागातून येत. तिथे दगड यंत्राच्या करवतीने कापताना धुरळा उडे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली, तीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. त्यांतल्या कित्येकांचा मृत्यू ऐन तिशीत झाला.

चॉप २०११ साली डोंगरात भटकंतीला गेले असताना वारले, तेव्हा ते साठीलाही पोचले नव्हते. एनएलआरपी-३ला थेट अडवणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या आता चालू आहेत. पण फुप्फुसात साचलेली सिलिका बाहेर काढणारे औषध अजून कोणाकडे नाही. दगड कापताना करवतीवर पाण्याची धार धरणे, उडालेली धूळ कामगाराच्या नाकाआधी पंख्याने ओढून घेणे, आणि जिथे जमेल तिथे सिलिकायुक्त दगडच न वापरणे, एवढेच उपाय आज हाताशी आहेत.